दाब राखणारी माणसं

२०२० साली मराठी वर्तमानपत्रांत जवळपास रोज एक वाक्य यायचं: नमुने पुण्याच्या एनआयव्हीकडे पाठवले आहेत. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं नाव त्या वर्षी वाडीवस्तीपर्यंत पोचलं. संस्था तशी जुनी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये तिची सुरुवात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून केली आणि १९७८ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. २०१२ च्या अखेरीस तिच्या पाषाणच्या आवारात बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली. निपाह किंवा क्रायमियन-काँगो तापासारख्या जिवावर बेतणाऱ्या आजारांचे विषाणू हाताळायचे ते अशाच जागी.

अशा प्रयोगशाळेबद्दल लिहिताना सगळे शास्त्रज्ञांबद्दल लिहितात, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या शास्त्रज्ञाला संध्याकाळी सुखरूप घरी पाठवणारी माणसं आणखी काही असतात. ती डक्ट, ब्लोअर, पंप, पॅनेल आणि बॉयलर सांभाळतात. त्यांचं नाव कुठल्याही शोधनिबंधावर येत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, जाड भिंती आणि बंद दरवाजे यांच्यामुळे विषाणू आत राहतो. भिंती लागतातच, पण खरं काम हवा करते. आतल्या खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कायम कमी ठेवलेला असतो. दार उघडलं, एखादी फट राहिली, तरी हवा बाहेरून आत ओढली जाते. आतली बाहेर येत नाही. जितकं आत जावं तितका दाब पायरीपायरीने उतरतो. दोन खोल्यांमधला फरक समजा २५ पास्कल असला, तर तो अडीच मिलिमीटर पाण्याच्या थराच्या वजनाइतका होतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण दोन चौरस मीटरच्या दारावर तोच पाच किलोचा रेटा देतो.

हा फरक भिंतीसारखा एकदा बांधून होत नाही. आत हवा सोडणारा पंखा आणि बाहेर ओढणारा पंखा यांच्या ओढाताणीतून तो क्षणोक्षणी तयार करावा लागतो. ओढणारा पंखा बंद पडला आणि सोडणारा चालूच राहिला तर खोली फुगते आणि हवा उलटी वाहू लागते. म्हणून दोघांना इंटरलॉकने बांधलेलं असतं. ओढणारा ट्रिप झाला की सोडणाऱ्यालाही थांबावंच लागतं. ओढणारे पंखे गरजेपेक्षा जास्त बसवतात आणि त्यांना जनरेटरचा आधार देतात. नेमणुकीवरचा मेकॅनिक पाळीत आल्यावर आधी पॅनेलवरचे आणि दारांवरच्या गेजचे आकडे बघून लॉगबुकात उतरवतो. काटा दोन रेघा सरकला असेल तर कुठला फिल्टर भरत आलाय, कुठला डँपर अडकलाय, कुठल्या दाराचं गॅस्केट बसलंय, याचा माग तो तिथून काढू लागतो.

बीएसएल-४ मध्ये एकदा वापरलेली हवा फिरवून परत वापरत नाहीत. सगळी हवा ताजी बाहेरून घ्यायची आणि गाळून बाहेर सोडायची. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात याचा अर्थ काय होतो, ते एअर कंडिशनिंगचं काम केलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. ऑफिसातलं यंत्र थंड झालेलीच हवा पुन्हा थंड करतं; इथलं यंत्र चाळीस अंशांची हवा घेतं आणि थंड करून फेकून देतं. विजेचं बिल बघितलं की छातीत धस्स व्हावं.

बाहेर जाणारी हवा एकापुढे एक लावलेल्या दोन हेपा फिल्टरांतून जाते. हा फिल्टर मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पातली किरणोत्सारी धूळ अडवायला बनवला गेला. ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण तो अडवतो. याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. लहान कण हवेत इतके वेडेवाकडे भरकटतात की तेही कुठे ना कुठे चिकटतातच. मधल्या आकाराचेच सगळ्यांत चुकार, म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात.

ही परीक्षा जवळून बघण्यासारखी असते. फिल्टरच्या अलीकडे तेलाचं अतिशय बारीक धुकं सोडतात. पलीकडे तंत्रज्ञ फोटोमीटरची नळी हातात घेऊन फिल्टरच्या तोंडापासून इंचभर अंतरावरून सावकाश, सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेतो. मग थोडं खाली येऊन परत. चौकटीचे सांधे वेगळे तपासायचे, कारण गळती बहुधा फिल्टरच्या कागदात नाही, तर कडेला सापडते. अलीकडे सोडलेल्या धुक्याचा ०.०१ टक्का भाग जरी एखाद्या ठिकाणी पलीकडे दिसला, तरी फिल्टर नापास. हात घाईने फिरवला तर बारीक भोक सुटून जातं, आणि हात घाईने फिरवला होता हे कागदावर कुठेच उमटत नाही.

फिल्टर बदलायचा दिवस तर वेगळाच. वर्षानुवर्षं विषाणू गाळलेली वस्तू उघड्यावर काढता येत नाही. आधी तिचं पेटीतच फॉर्मल्डिहाइडने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुकीकरण करतात. ते झालं की नाही हे ठरवायला आत जिवाणूंच्या बीजाणूंच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. त्या नंतर प्रयोगशाळेत उबवून बघायच्या. त्यातलं काही वाढलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे फिटर पाना घेऊन तयार असला तरी त्याला जिवाणू मेल्याच्या दाखल्याची वाट बघत बसावं लागतं. दाखला आला की पेटीच्या तोंडाला जाड प्लॅस्टिकची पिशवी आवळून, पिशवीबाहेरूनच हाताने जुना फिल्टर आत ओढायचा, पिशवीला पीळ द्यायचा, दोन ठिकाणी बांधायचं आणि मधोमध कापायचं. नवा फिल्टर तशाच पिशवीतून आत जातो.

मेकॅनिकला खुद्द ‘हॉट’ भागात, म्हणजे विषाणू हाताळतात तिथे, जावं लागू नये, असाच इमारतीचा आराखडा करतात. पंखे आणि फिल्टर वरच्या मजल्यावर, सांडपाण्याच्या टाक्या खाली, आणि प्रयोगशाळा मधे. तरी कधीतरी जावंच लागतं. तेव्हा त्यालाही शास्त्रज्ञासारखाच हवा भरलेला सूट चढवावा लागतो. सूटमधल्या हवेचा आवाज इतका की कानात बोळे घालायचे. आता मेकॅनिकची अर्धी विद्या कानात असते. बेअरिंग घासतंय की बेल्ट सैल झालाय, हे तो लांबून ऐकून सांगतो. इथे कान बंद. हातावर मोज्यांचे थर, त्यामुळे नट किती आवळला गेला हे बोटांना नीट कळत नाही. पत्र्याची धार, वायरचं टोक, स्क्रूड्रायव्हरचं पातं हे बाहेर रोजचे सोबती. आत मोजा फाडू शकणारे वैरी. शिवाय जे हत्यार आत गेलं ते तसंच परत येत नाही. त्याला ऑटोक्लेव्हमधून किंवा रसायनातून जावं लागतं, म्हणून हत्यारांचा एक संच कायमचा आतच ठेवणं परवडतं.

सूटसुद्धा देखभालीतच येतो. त्याच्या झडपा बंद करून तो फुगवायचा, ठरलेला वेळ दाब टिकतो का बघायचं. टिकला नाही तर शिवणींवर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधायचा, सायकलचा पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसा.

हे सगळं अति वाटत असेल तर जरा इतिहास बघावा. विषाणू सुटल्याच्या कथांत सिनेमावाले वेडा शास्त्रज्ञ घालतात. प्रत्यक्षात पाइप, फिल्टर आणि केबल सापडतात.

ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात गुरांना लाळ्या-खुरकूत झाला. विषाणूची जात १९६७ च्या साथीतली, म्हणजे रानात फिरणारी नव्हे, प्रयोगशाळेतली. काही किलोमीटरवर पिरब्राइट इथे एकाच आवारात सरकारी पशुआरोग्य संस्था आणि मेरियल ही लसकंपनी होती. दोघांचं सांडपाणी एकाच जुन्या भुयारी नळाने शेवटच्या प्रक्रियेकडे जायचं, म्हणजे जिवंत विषाणू असलेलं पाणी वाटेत नळातच असे. तपासात नळ फुटका निघाला, त्यात झाडांची मुळं शिरलेली, मॅनहोल नीट न मिटलेले. त्या जुलैत धो धो पाऊस झाला होता. आवारात बांधकाम चालू होतं, आणि तिथला चिखल ट्रकांच्या चाकांना लागून बाहेर गेला असावा, असं तपासणाऱ्यांचं मत पडलं. नळ बदलायला हवा हे काही वर्षांपासून ठाऊक होतं. खर्च कोणी करायचा यावर गाडं अडलं होतं. हे वाचताना सरकारी वसाहतीत राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ओळखीचं वाटेल.

त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नव्या कोऱ्या इमारतीची वीज, कडाडलेल्या विजेमुळे गेली आणि जनरेटरही सुरू झाले नाहीत. शेजारच्या बांधकामावरच्या लोकांनी अर्थिंगची केबल तोडून ठेवली होती. इमारतीतली बीएसएल-४ प्रयोगशाळा तेव्हा चालू झाली नव्हती, हे नशीब. याच केंद्रातल्या क्यू-फीव्हरच्या प्रयोगशाळेतली हवा एकदा उलटी स्वच्छ कॉरिडॉरमध्ये आली, तेव्हा नऊ कर्मचाऱ्यांच्या तपासण्या कराव्या लागल्या. नंतर त्या दाराला डक्ट टेप लावलेली आढळली. जुगाड ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

सगळ्यांत भयंकर उदाहरण स्वेर्दलोव्स्कचं. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत लष्कराच्या कारखान्यातून अँथ्रॅक्सचे बीजाणू वाऱ्यावर गेले आणि किमान ६६ माणसं मेली. सोव्हिएत जैविक शस्त्रांच्या कार्यक्रमातले मोठे अधिकारी केन अलिबेक यांनी पुढे अमेरिकेत गेल्यावर सांगितलं, की तुंबलेला फिल्टर एका पाळीने काढला आणि तशी चिठ्ठी ठेवली, पण लॉगबुकात नोंद केली नाही. पुढची पाळी आली, लॉगबुक बघितलं आणि यंत्र चालू केलं.

सांडपाण्याचं दुखणं पिरब्राइटवर संपलं नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या फोर्ट डेट्रिक इथल्या लष्करी संशोधन संस्थेचा सांडपाणी वाफेने निर्जंतुक करणारा प्लांट पुराने निकामी केला. संस्थेने वाफेऐवजी रसायनं वापरायला सुरुवात केली, पण तपासणीत त्या व्यवस्थेत त्रुटी निघाल्या, आणि जुलै २०१९ मध्ये सर्वांत धोकादायक जंतूंवरचं काम थांबवण्याचा आदेश निघाला. एरवी खालच्या मजल्यावरच्या टाकीत पाणी १२१ अंशांवर ठरलेला वेळ शिजतंय की नाही, हे विचारायला कोणी फिरकत नाही.

आपल्याकडे या कामासाठी वेगळा ट्रेड नाही. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनवाला, फिटर, इलेक्ट्रिशियन असे येतात आणि जैवसुरक्षा काम करता करता शिकतात. अनेक सरकारी संस्थांत देखभाल बाहेरच्या कंपनीला दिलेली असते, आणि निविदेत बहुधा सगळ्यांत कमी दराचा जिंकतो. मुदत संपली की माणसं बदलू शकतात. कुठला डँपर पावसाळ्यात जाम होतो, कुठल्या पंपाचं सील दर वेळी आधी जातं, हे ज्याला तोंडपाठ, तो दुसऱ्या साइटवर जातो. नव्याला मॅन्युअल मिळतं. यंत्र कोटींचं घ्यायचं आणि ते ऐकणारा माणूस स्वस्तात स्वस्त बघायचा, हा हिशेब निदान इथे तरी कोणी मांडू नये.

अशा माणसांची मागणी मात्र वाढतच जाणार आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला बीएसएल-३, म्हणजे एक पायरी खालच्या दर्जाच्या फिरत्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. आयसीएमआरसाठी ती मुंबईच्या क्लेन्झेड्स कंपनीने गाडीवर बांधली. २०२३ मध्ये कोझिकोडला निपाह पुन्हा आला तेव्हा अशी फिरती प्रयोगशाळा तिकडे गेली. इमारतीतल्या पंख्याचा पाया हलत नाही. गाडीवरचा पंखा, फिल्टरची चौकट, दाराचं गॅस्केट खड्ड्याखड्ड्यांतून दणके खात जातं. मुक्कामी पोचल्यावर सगळे सांधे आणि दाब पुन्हा तपासल्याशिवाय एकही नमुना आत घेता येत नाही, आणि तोवर डॉक्टरांनाही गाडीबाहेरच थांबावं लागतं.