नाव आपले, डाव दुसऱ्याचा

समोरून येणारा शत्रू ओळखता येतो. तो निदान तोंड तरी दाखवतो. पण आपलेच नाव, आपलाच फोटो आणि आपलीच भाषा घेऊन जो आपल्यात शिरतो, त्याचे काय करायचे? अमेरिकेतील काळ्या समाजाने हा घाव वारंवार सोसला आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांच्या नेत्याला, डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिले, त्या समाजाचे दुखणे आम्हाला परके वाटत नाही.

जून २०१४ मध्ये फादर्स डेच्या तोंडावर ट्विटरवर 'फादर्स डे बंद करा' अशी मागणी एकाएकी उसळली. मागणी करणाऱ्या खात्यांवर काळ्या स्त्रियांचे फोटो होते, तोंडी स्त्रीमुक्तीची भाषा होती. झाले! बघा, या बाया कुटुंब मोडायला निघाल्या, अशी बोंब सुरू. प्रत्यक्षात हा उद्योग फोरचॅन नावाच्या अड्ड्यावर शिजला होता. काळ्या स्त्रियांची चळवळ बदनाम व्हावी, हाच त्यामागचा हेतू.

हे उघडे कुणी पाडले? पोलिसांनी नाही, कंपनीनेही नाही. शफिका हडसन या काळ्या लेखिकेला त्या खात्यांची भाषाच खटकली. जी बोली कधी घरात ऐकली नाही, तिची नक्कल केली की कशी ओंगळ दिसते, हे घरच्या माणसाला पहिल्याच ओळीत कळते. त्यांनी 'तुझा परकर दिसतोय' या अर्थाचा हॅशटॅग सुरू केला (आपल्याकडच्या आयाबायाही पोरींना हळूच हेच सांगतात) आणि बायकांनी एकेक खोटे खाते आणून त्याखाली उभे केले. इनासा क्रॉकेट यांनी माग काढत थेट अड्डा गाठला.

युक्ती जुनीच आहे. १९६४ मध्ये एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंग यांना निनावी पत्र धाडले. मजकूर त्यांना आत्महत्येकडे ढकलणारा, आणि आव मात्र लिहिणारा काळ्यांपैकीच एक असल्याचा! पुढे २०१६ च्या निवडणुकीच्या काळात रशियातील सेंट पीटर्सबर्गहून चालवलेले 'ब्लॅक्टिव्हिस्ट' हे फेसबुक पान निघाले. त्याला ३,६०,००० लाईक्स होते, तर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'च्या अधिकृत पानाला सुमारे ३,०१,०००. पानावरचा पोलिसी अत्याचाराचा विषय खोटा नव्हता. लोक जमले ते आपल्या खऱ्या जखमेपायी. त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१९ मध्ये सांगितले, की रशियाच्या या टोळीने काळ्यांइतके लक्ष्य दुसऱ्या कोणत्याच समाजाला केले नव्हते.

तोतया पकडला गेला, तरी नुकसान भरून निघत नाही. नंतर खरी काळी बाई संतापून बोलते, तेव्हा तिलाच विचारतात, तू खरी कशावरून?

हडसन यांच्याकडे खोट्या खात्यांची यादी होती, पुरावा होता. कंपनीने त्यावर फारसे काही केले नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्या वारल्या.