मेदवेदेव इतके का गरजतात? आणि आपण त्यांचं किती मनावर घ्यायचं?

३१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भारत आणि रशिया या दोन्ही देशांच्या अर्थव्यवस्था ‘मृत’ असल्याचं लिहिलं. आपल्याकडे त्यावर मोठा गदारोळ झाला. पण त्याच पोस्टच्या शेवटी आणखी एक नाव होतं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष दिमित्री मेदवेदेव यांनी जीभ सांभाळून बोलावं, असा दम ट्रम्प यांनी तिथंच दिला होता. मेदवेदेव गप्प बसले नाहीत. त्यांनी सोव्हिएत काळातल्या ‘डेड हँड’ यंत्रणेची आठवण करून दिली. देशाचं सगळं नेतृत्व मारलं गेलं तरी शत्रूवर अणुहल्ला व्हावा, यासाठी बनवलेली ही यंत्रणा. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी दोन आण्विक पाणबुड्या हलवण्याचा हुकूम दिल्याचं जाहीर केलं.

म्हणजे दोन माणसांच्या मोबाईलवरच्या भांडणातून गोष्ट पाणबुड्यांपर्यंत गेली. अशी बातमी आली की आपल्या घराघरांत काळजी सुरू होते. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची मुलगी रशियात डॉक्टरकी शिकायला. व्हॉट्सअ‍ॅपवर तर ‘तिसरं महायुद्ध सुरू’ असे मेसेज लगेच फिरतात. म्हणून हे मेदवेदेव कोण, ते असं का बोलतात आणि त्यांच्या बोलण्याला वजन किती, हे नीट समजून घेतलेलं बरं.

प्राध्यापकाचा मुलगा, कायद्याचा शिक्षक

मेदवेदेव यांचा जन्म १४ सप्टेंबर १९६५ चा, लेनिनग्राडचा. म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. वडील प्राध्यापक, आई भाषेची शिक्षिका. स्वतः कायद्याचे पदवीधर, पुढे त्याच विद्यापीठात रोमन कायदा शिकवायचे. १९९० च्या दशकात शहराच्या महापौर कार्यालयात कायदा सल्लागार म्हणून काम करताना तिथले वरिष्ठ अधिकारी व्लादिमीर पुतिन यांच्याशी त्यांचा जवळून संबंध आला. पुढचं सगळं करिअर या एका ओळखीवर उभं राहिलं.

२००० मध्ये पुतिन यांच्या निवडणूक प्रचाराची सूत्रं त्यांच्याकडे होती. मग गॅझप्रॉम या अवाढव्य गॅस कंपनीचं अध्यक्षपद, राष्ट्राध्यक्ष कार्यालयाचं प्रमुखपद, नंतर पहिले उपपंतप्रधान. २००८ मध्ये घटनेप्रमाणे पुतिन यांना सलग तिसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. त्यांनी मेदवेदेव यांना पुढे केलं. मेदवेदेव सुमारे सत्तर टक्के मतांनी निवडून आले आणि त्यांनी पुतिन यांनाच पंतप्रधान केलं. खुर्ची एकाची, लगाम दुसऱ्याच्या हातात.

तेव्हाचे मेदवेदेव आणि आताचे

आज ज्यांनी त्यांना फक्त धमक्या देताना पाहिलं आहे, त्यांना तेव्हाचे मेदवेदेव ओळखू येणार नाहीत. त्या काळी ते आधुनिकीकरण, कायद्याचं राज्य, भ्रष्टाचाराविरुद्ध लढा असं बोलायचे. २०१० मध्ये ओबामांबरोबर त्यांनी प्राग इथे अण्वस्त्रं कमी करण्याच्या ‘न्यू स्टार्ट’ करारावर सही केली. त्याच वर्षी ट्विटरच्या कार्यालयात जाऊन पहिलं ट्वीट केलं आणि ओबामांसोबत साध्या हॉटेलात बसून बर्गर खाल्ला. डिसेंबर २०१० मध्ये ते भारतात आले तेव्हा मुंबईत पवईच्या आयआयटीलाही गेले होते.

मुस्लिम जगाशीही त्यांची भाषा तेव्हा वेगळी होती. २००९ मध्ये कैरोत अरब लीगसमोर बोलताना, इस्लाम हा रशियाच्या इतिहासाचा आणि संस्कृतीचाच भाग आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. मार्च २०११ मध्ये लिबियावरच्या कारवाईचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. रशियाने व्हेटो वापरला नाही, तटस्थ राहिला. भारतही तटस्थच होता. पंतप्रधान पुतिन यांनी त्या ठरावाची तुलना मध्ययुगातल्या क्रुसेडच्या हाकेशी केली. त्याच दिवशी मेदवेदेव यांनी जाहीरपणे सुनावलं की असे शब्द वापरू नयेत, त्यातून संस्कृतींचा संघर्ष पेटतो.

शब्द जपून वापरा असं तेव्हा आपल्या गुरूला सांगणारा हाच माणूस.

पण चित्र एकरंगी नव्हतं. त्यांच्याच कारकिर्दीत ऑगस्ट २००८ मध्ये रशियाने जॉर्जियाशी युद्ध केलं आणि अबखाझिया व दक्षिण ओसेतिया यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. राष्ट्राध्यक्षाची मुदत चारवरून सहा वर्षं करणारी घटनादुरुस्तीही त्यांच्याच सहीची. तिचा फायदा पुढे कुणाला झाला, हे सांगायला नको.

उतरण

२४ सप्टेंबर २०११ रोजी दोघांनी जाहीर केलं की खुर्च्यांची अदलाबदल होणार. पुतिन पुन्हा राष्ट्राध्यक्ष, मेदवेदेव पंतप्रधान. ज्यांनी मेदवेदेव यांच्याकडून बदलाची आशा धरली होती, त्यांचा भ्रमनिरास झाला.

पंतप्रधानपदाची वर्षं त्यांना जड गेली. २०१६ मध्ये क्रिमियात एका पेन्शनर बाईने विचारलं, पेन्शन वाढत का नाही? उत्तर मिळालं ते असं: पैसे नाहीत, पण तुम्ही तग धरा. हे वाक्य रशियात आजही टिंगलीचा विषय आहे. २०१७ मध्ये विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांनी त्यांच्या कथित मालमत्तेवर व्हिडिओ काढला आणि त्यानंतर अनेक शहरांत निदर्शनं झाली. २०१८ मध्ये निवृत्तीचं वय वाढवल्याचा रागही त्यांच्याच सरकारवर निघाला. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुतिन यांनी त्यांच्यासाठी एक नवं पद तयार केलं: सुरक्षा परिषदेचे उपाध्यक्ष. अध्यक्ष अर्थातच पुतिन.

जीभ कशी सुटली

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि मेदवेदेव यांचा टेलिग्राम चॅनल सुरू झाला. त्या जूनमध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की आपल्या पोस्ट इतक्या तिखट असतात, कारण आपल्याला या लोकांचा द्वेष वाटतो आणि जिवंत असेपर्यंत त्यांना नाहीसं करण्यासाठी आपण सगळं करू. मार्च २०२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं, तेव्हा त्या न्यायालयावर जहाजावरून क्षेपणास्त्र पडू शकतं, असं ते बोलले. मार्च २०२४ मध्ये एका मोठ्या नकाशासमोर उभं राहून, युक्रेन म्हणजे रशियाच, असं सांगितलं.

असं का? जाणकार तीन कारणं सांगतात. पहिलं, जीव वाचवणं. एके काळी ‘पश्चिमेचा लाडका’ म्हणून नाव झालेल्या माणसाला आजच्या क्रेमलिनमध्ये आपली निष्ठा रोज सिद्ध करावी लागते. दुसरं, वाटून घेतलेली भूमिका. मेदवेदेव टोकाचं बोलले की पुतिन त्यांच्यापुढे समंजस दिसतात. शिवाय एखादी धमकी जगात कशी घेतली जाते ते बघता येतं आणि नको असेल तर ‘ते त्यांचं वैयक्तिक मत’ म्हणून झटकता येतं. तिसरं, भीतीचा उपयोग. युरोपातला सामान्य मतदार घाबरला, तर युक्रेनला शस्त्रं द्यायला तिथली सरकारं कचरतात.

मग वजन किती?

रशियात अण्वस्त्रं वापरण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्षाचा आहे. सुरक्षा परिषदेच्या उपाध्यक्षाला तो अधिकार नाही. पाणबुड्यांच्या प्रकरणानंतर क्रेमलिनच्या प्रवक्त्यानेही हेच सुचवलं: अणुशस्त्रांबद्दल सगळ्यांनी जपून बोलावं आणि महत्त्वाची भूमिका ती पुतिन यांची. पश्चिमेने युक्रेनला रणगाडे दिले, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं दिली, एफ-१६ विमानं दिली. प्रत्येक वेळी मेदवेदेव यांनी प्रलयाची भाषा केली. प्रलय आला नाही.

आपल्या वाचकांनी एक उदाहरण खास लक्षात ठेवावं. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. मेदवेदेव यांनी लिहिलं की काही देश इराणला थेट आपली अण्वस्त्रं द्यायला तयार आहेत. आपल्याकडे अनेकांनी ही बातमी आनंदाने पुढे पाठवली. अखेर कुणीतरी इराणच्या बाजूने उभं राहिलं, असं वाटणं साहजिक होतं. पण ट्रम्प यांनी जाब विचारताच मेदवेदेव यांनी खुलासा केला: रशियाचा असा कोणताही इरादा नाही. जानेवारी २०२५ मध्ये रशिया आणि इराणने जो भागीदारी करार केला, त्यातही एकमेकांसाठी लढायला उतरण्याचं कलम नाही. ज्यांच्यावर बॉम्ब पडत होते, त्यांच्या हाती त्या पोस्टमधून काहीच लागलं नाही.

‘गर्जेल तो पडेल काय’ असं आपण म्हणतो. पण इथे ही म्हण अर्धीच लागू पडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेदवेदेव यांनी एका लेखात लिहिलं होतं की युक्रेनच्या सध्याच्या नेत्यांशी बोलण्यात अर्थच नाही. अनेकांनी तेव्हा दुर्लक्ष केलं. चार महिन्यांनी रणगाडे आत घुसले. शिवाय डिसेंबर २०२२ पासून शस्त्रनिर्मितीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगात त्यांना मोठं पद आहे. उत्पादनात ढिलाई करणाऱ्या कारखानदारांसमोर त्यांनी स्टॅलिनची जुनी धमकीची तार वाचून दाखवली होती. म्हणजे ते नुसते बोलघेवडे नाहीत, हेही खरं.

म्हणून पुढच्या वेळी त्यांचं वाक्य मोबाईलवर आलं, की ‘फॉरवर्ड’ दाबण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. ते टेलिग्रामवर बोलले की सरकारी निवेदनात? पुतिन किंवा परराष्ट्र मंत्रालय तेच बोललं का? आणि दोन दिवसांत जमिनीवर काही हललं का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर घरच्यांची झोप उडवण्यासारखं त्यात काही नाही. आणि आपल्या बाजूने कुणी गरजला म्हणून तो आपला झाला, असंही नाही. त्याची गर्जना कुणासाठी आहे, हे आधी विचारायला हवं. मेदवेदेव यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा तेहरान किंवा गाझासाठी नसते. ती क्रेमलिनमधल्या एका माणसाच्या कानावर जावी म्हणून असते.