बरोबरीचा डाव आणि खेळाडूची नीती

बुद्धिबळाच्या पटावर मोहरी झडून गेली आहेत, दोन्ही बाजूंचे बळ जवळजवळ सारखे आहे, पाहणाऱ्यांनी मनोमन अर्धा-अर्धा गुण वाटूनही टाकला आहे; आणि तरीही एक खेळाडू बरोबरीचा प्रस्ताव नाकारून पुढची खेळी करतो. अशा वेळी नापसंतीची कुजबुज सुरू होते. बरोबरीचा डाव लांबविणे हे खिलाडूवृत्तीला धरून आहे काय, हा प्रश्न जुना असला तरी आज त्याचा नव्याने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. २०२५ साली गोव्याच्या भूमीवर विश्वचषकाची स्पर्धा झाली, तिचा अंतिम सामनाही दोन बरोबरींनंतर जलद डावांतच निकाली निघाला, आणि आता घरोघरी मुले पट मांडून बसली आहेत. त्यांना आपण कोणती नीती शिकविणार?

प्रथम इतिहास काय सांगतो ते पाहू. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात गुकेशपाशी अवघे एक प्यादे अधिक होते. बरोबरी होणार असेच जाणकार धरून चालले होते. गुकेश मात्र खेळत राहिला, ५५ व्या खेळीस डिंग लिरेनचा हत्ती चुकीच्या घरात गेला आणि अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. त्याआधी २०२१ साली दुबईत कार्लसनने नेपोम्नियाशीविरुद्धचा सहावा डाव १३६ खेळ्यांपर्यंत, पावणेआठ तास चालविला. हत्ती, घोडा आणि दोन प्यादी यांच्यासमोर एकटा वजीर उभा होता. संगणकाच्या लेखी ती स्थिती बराच काळ बरोबरीचीच होती. पण पटासमोर संगणक नव्हता, थकलेला माणूस होता. २८ जुलै २०२५ रोजी बाटुमी येथे आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हम्पीविरुद्धचे पहिले तीन डाव बरोबरीत सुटल्यानंतर. या तिघांस कोणी अखिलाडू म्हणेल, असे आम्हांस वाटत नाही.

याचे कारण असे की, बरोबरी हा एकच शब्द आपण दोन भिन्न गोष्टींसाठी वापरतो. एक बरोबरी पटावर सिद्ध झालेली असते : मात देण्याइतके बळच कोणापाशी उरत नाही. दुसरी बरोबरी उत्तम खेळ झाला तरच टिकणारी असते. ती प्रतिपक्षाने सिद्ध करावयाची असते, आणि तसे करून दाखवा असे म्हणणे हा त्याचा अवमान नव्हे. शिवाय नियमांनी या मागणीस मर्यादाही घातली आहे. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, अथवा पन्नास खेळ्यांत प्यादे हलले नाही व काही मारले गेले नाही, तर बरोबरी मागता येते. पाचव्यांदा तीच स्थिती आली किंवा पंचाहत्तर खेळ्या तशाच गेल्या, तर डाव आपोआप संपतो.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. पटावर जिंकण्यासारखे काही उरलेले नसताना केवळ प्रतिपक्षाचे घड्याळ संपावे म्हणून हत्ती इकडून तिकडे फिरविणे, पुन्हापुन्हा बरोबरीचे प्रस्ताव मांडून त्याचे चित्त विचलित करणे, यास जिद्द म्हणता येत नाही. असे वारंवार प्रस्ताव नियमांनीही निषिद्ध मानले आहेत. प्रत्येक खेळीस वाढीव सेकंद मिळत नसतील आणि स्पर्धेपूर्वी तसे जाहीर झाले असेल, तर दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेल्या खेळाडूस, प्रतिपक्ष जिंकण्याचा खरा प्रयत्नच करीत नाही, या कारणास्तव पंचाकडे बरोबरी मागता येते. अतिजलद डावांस मात्र ही सवलत नाही. तेथे ज्याच्या-त्याच्या विवेकावरच भिस्त.

हा विवेक मोठ्या स्पर्धांपेक्षा लहान गावांत अधिक मोलाचा आहे. दमणगंगेकाठच्या सिल्वाशाचेच उदाहरण घ्या. गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलातून सुटलेले, मराठी, गुजराती, वारली, कोकणा अशा अनेक बोली एकत्र नांदविणारे हे गाव. तेथील एखादी मुलगी वापीला गाडी पकडून मुंबईच्या स्पर्धेस जाते, तेव्हा तिच्या दृष्टीने अर्धा गुण ही क्षुल्लक गोष्ट नसते. समोरच्या नामवंत खेळाडूने बरोबरी देऊ केली म्हणून दबून ती स्वीकारू नकोस, असे तिला सांगावे. आणि तीच बचाव करीत असेल, तर समोरचा खेळत राहिला म्हणून रागावू नकोस, पन्नास खेळ्या मोजायला शीक, हेही सांगावे. सिल्वाशाच्या शाळेत पट मांडणाऱ्या शिक्षकांनी नियमांचा हा भाग आरंभीच्या चालींइतक्याच आस्थेने शिकवावा, असे आम्ही सुचवितो.

कसोटी सोपी आहे. पुढची खेळी प्रतिपक्षाच्या बुद्धीस प्रश्न घालते की केवळ त्याच्या घड्याळास? पहिले असेल तर खुशाल खेळावे, मध्यरात्र झाली तरी. दुसरे असेल तर हात पुढे करावा. पंचाने सांगण्यापूर्वी जो हे ओळखतो, त्याच्या पदरी अर्धा गुण पडला तरी त्यास उणा खेळाडू म्हणण्यास आम्ही तयार नाही.