खरूज कशी ओळखावी

अन्नपाण्याच्या चिंतेपुढें अंगाची खाज ही क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु 2019 सालच्या दुष्काळांत चारा छावण्यांतून गुरांबरोबर माणसांनींहि जसे संसार मांडले, तशी दाटी जेथें होते, तेथें खरूज पसरावयास वेळ लागत नाहीं. म्हणून तिचीं लक्षणें आमच्या स्वयंसेवकांस व वाचकांस ठाऊक असावींत.

पहिली खूण रात्रीं वाढणारी खाज. बोटांच्या बेचक्या, मनगटें, कोपरे, काखा, कंबर, बेंबीभोंवतालची जागा व गुह्यभाग येथें बारीक पुटकुळ्या उठतात. मोठ्या माणसाचा चेहरा बहुधा सुटतो. तान्ह्या मुलाचे तळहात, तळपाय व डोकेंहि सुटत नाहीं. बेचक्यांत कधीं केसासारखी वांकडी, करडी रेघ दिसते. तें अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान अशा किड्याच्या मादीनें अंडीं घालण्यासाठीं कातडींत खणलेलें बीळ होय. रेघ न सांपडली म्हणून खरूज नाहीं असें ठरत नाहीं. एकट्याची खाज हा अपुरा पुरावा. त्याच घरांतील दुसराहि रात्रीं खाजवीत असेल, तर पुरावा भक्कम झाला. लुत लागलेल्या गुरापासून माणसास थोडे दिवस खाज येते, पण तो किडा माणसाच्या अंगीं टिकत नाहीं.

प्रथमच लागण झालेल्यास चार ते सहा आठवडे कांहींच जाणवत नाहीं, आणि त्या अवधींत तो दुसऱ्यास रोग देत असतो. यास्तव घरांतील सर्वांनीं, खाज असो वा नसो, एकाच दिवशीं वैद्याच्या सल्ल्यानें औषध लावावें व तो सांगेल त्या दिवशीं पुन्हां लावावें. पर्मेथ्रिनचें मलम यावर चांगलें चालतें. नंतरहि दोनचार आठवडे खाज राहते. तेवढ्यावरून औषध फसलें असें समजूं नये.

खरूज म्हणजे अस्वच्छतेचा कलंक, या समजुतीनें लोक, विशेषतः लग्नाच्या मुलींचे आईबाप, ती लपवितात. हा रोग मुख्यतः अंगाला अंग लागून होतो. रोज स्नान करणाऱ्यासहि होतो. पाण्याचा दुष्काळ असतां सर्व कपडे उकळण्याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. अंगाबाहेर हा किडा सामान्यतः दोनतीन दिवसांपलीकडे जगत नाहीं. सबब वापरलेलीं पांघरुणें आठवडाभर पिशवींत घट्ट बांधून ठेवलीं तरी काम भागतें.

खाजवून पू झाला, ताप आला किंवा मुलाचें तोंड सुजून लघवी लाल झाली, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. अशा जखमांतून मूत्रपिंडास विकार होतो.

औषधासाठीं देणगी देणाऱ्या सज्जनांस विनंति कीं, ती एका रोग्यापुरती न देतां एका कुटुंबापुरती द्यावी.