गावच्या टीव्हीचे दप्तर

२०१९ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची हवा तापू लागली, तेव्हा पत्रकारांच्या हाती एक जुना ऐवज लागला. 'बर्नी स्पीक्स विथ द कम्युनिटी' नावाचा हा एक साधासुधा स्थानिक कार्यक्रम. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराचे तेव्हाचे महापौर बर्नी सँडर्स १९८६ ते १९८८ या काळात तो करत. हातात माइक धरायचा, शहरातली माणसे गाठायची आणि त्यांच्याशी बोलायचे, असा सगळा मामला. तीस वर्षांनी हेच सँडर्स देशाच्या सर्वोच्च पदासाठी उभे राहिले आणि त्यांची जुनी मते जशीच्या तशी, त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळाली. हे चित्रीकरण जपले होते ते कुठल्याही बड्या वाहिनीने नव्हे, तर त्याच शहरातल्या एका छोट्या टीव्ही केंद्राने.

या केंद्राचे नाव सीसीटीव्ही. पहारा ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांशी त्याचा संबंध नाही. चिटेंडन हा तिथला परगणा, त्यावरून चिटेंडन कम्युनिटी टेलिव्हिजन. १९८४ मध्ये ते सुरू झाले. जेमतेम ४५ हजार वस्तीच्या या शहरात नगरसभेच्या बैठका, उमेदवारांचे वादविवाद आणि मार्चमधल्या पहिल्या मंगळवारच्या पारंपरिक ग्रामसभेचे विषय दाखवणे हे त्याचे मुख्य काम. केंद्राची वाहिनीही 'टाउन मीटिंग टीव्ही' याच नावाने ओळखली जाऊ लागली.

अशी केंद्रे अमेरिकेत गावोगाव आहेत. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात दोन केबल कंपन्यांनी सामान्य नागरिकांसाठी वाहिन्या खुल्या केल्या. जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठात काढलेल्या 'ऑल्टरनेट मीडिया सेंटर'ने लोकांच्या हाती कॅमेरा देण्याची ही चळवळ पसरवली. १९७२ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने मोठ्या केबल यंत्रणांना अशा वाहिन्या सक्तीच्या केल्या. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती मोडीत काढली. मग १९८४ च्या केबल कायद्याने वाट काढली. केबल कंपनी शहराचे रस्ते खणते, खांब वापरते, तर शहराने त्या बदल्यात तिच्याकडे लोकांसाठी वाहिनी मागावी आणि उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घ्यावे. या व्यवहारावर शेकडो केंद्रे उभी राहिली. नियम साधा होता. गावात राहणाऱ्या कुणीही यावे, कॅमेरा चालवायला शिकावे, कार्यक्रम करावा आणि दाखवावा. मजकुरावर केंद्राची कात्री नाही.

दार सगळ्यांना उघडे ठेवले की आत येणारा मालही नाना तऱ्हेचा असतो. एक निवृत्त शिक्षक पक्ष्यांवरचा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर आणून देतो. चर्चची मंडळी रविवारची प्रार्थना फोनवर चित्रित करतात. कुणी शाळकरी मुलगा गेमच्या स्क्रीनचे रेकॉर्डिंग पाठवतो. फाइलींची नावे ठरलेली: 'फायनल', 'न्यू फायनल', 'फायनल टू', नाहीतर कॅमेऱ्याने दिलेला नुसता क्रमांक. व्यावसायिक वाहिनीला एकाच साच्यातला माल मागवता येतो. इथे मात्र माल जसा येईल तसा घ्यायचा आणि घरात आल्यावर त्याला वळण लावायचे.

एका फाइलीचा प्रवास पाहिला की हे वळण म्हणजे काय ते कळते. पेन ड्राइव्ह आला की त्यावरून थेट काम करायचे नाही. आधी फाइल केंद्राच्या सर्व्हरवरच्या 'आलेले' या फोल्डरमध्ये उतरवायची. मग तिला कार्यक्रम क्रमांक मिळतो आणि नवे नाव मिळते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे कार्यक्रमाचे छोटे नाव आणि भागाचा क्रमांक. वर्ष आधी लिहिले की संगणक आपोआप सगळ्या फाइली काळाच्या क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला तर दरमहा पाच तारखेच्या सगळ्या फाइली एका ढिगात जाऊन बसतात. नावात रिकामी जागा नको, तिरकी रेघ नको, कारण एका यंत्राला चालणारे चिन्ह दुसऱ्याला चालेलच असे नाही.

त्यानंतर तपासणी. चित्राचा आकार बरोबर आहे का, आवाज मध्येच फाटतो का, सुरुवातीला दहा सेकंद काळा पडदा राहिला आहे का. फोनवरच्या चित्रीकरणाची खोड वेगळीच. प्रकाश कमी-जास्त झाला की पुष्कळ फोन दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या आपल्या मनाने बदलतात. अमेरिकेतल्या प्रसारणाला मात्र सेकंदाला २९.९७ फ्रेमचा एकसारखा ठेका लागतो. फाइल नीट रूपांतरित केली नाही, तर पहिल्या मिनिटाला दिसत नाही, पण चाळिसाव्या मिनिटाला ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. म्हणून जाणता तंत्रज्ञ फाइलीचा शेवट आधी पाहतो.

तपासलेली प्रत प्रसारणाच्या सर्व्हरवर जाते. केबलकास्ट, टेलव्ह्यू, लायट्रॉनिक्स ही या धंद्यातली परिचित नावे. सर्व्हरला आठवड्याचे वेळापत्रक दिले की रात्री तीन वाजता केंद्रात कुणी नसतानाही कार्यक्रम लागतात. मात्र वेळापत्रकातले नाव आणि डिस्कवरचे नाव तंतोतंत जुळायला हवे. कुणी मधेच फाइलीचे नाव 'सुधारले', तर यंत्र ती शोधत बसते आणि प्रेक्षकाला काळा पडदा नाहीतर गावच्या सूचनांची पाटी दिसते.

इथवरचे काम आजच्या प्रसारणाचे. खरी कसोटी पुढे, साठवणीत. एका तासाच्या कार्यक्रमाची डीव्हीडीच्या दर्जाची, सेकंदाला ८ मेगाबिटची फाइल सुमारे ३.६ जीबी होते. तोच तास संपादनासाठी प्रोरेस ४२२ या स्वरूपात ठेवला, तर सुमारे ६६ जीबी. आठवड्याला वीस तासांचा नवा माल धरला, तर वर्षाकाठी पहिल्या हिशेबाने पावणेचार टीबी आणि दुसऱ्या हिशेबाने ६८ टीबीच्या वर. म्हणजे काय ठेवायचे आणि कशा रूपात ठेवायचे, हा निर्णय तंत्राइतकाच पैशाचाही आहे. बरीच केंद्रे मधला मार्ग काढतात. तयार कार्यक्रमाची एक चांगली प्रत कायम ठेवायची, प्रसारणाची हलकी प्रत वेगळी, आणि कच्चे चित्रीकरण ठरावीक मुदतीनंतर पुसायचे.

'आमच्याकडे रेड आहे' हे वाक्य या धंद्यात हमखास ऐकू येते. रेड म्हणजे माल अनेक डिस्कवर विखरून ठेवण्याची पद्धत. एखादी डिस्क मेली तरी माल वाचतो, हे खरे. पण माणसाने चुकून फाइल पुसली तर ती सगळ्याच डिस्कवरून पुसली जाते. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हा नियम रूढ झाला. दुसरे माध्यम म्हणून पुष्कळ ठिकाणी एलटीओ ही चुंबकीय फीत वापरतात. आठव्या पिढीच्या एका कॅसेटवर १२ टीबी मावतात. तिलाही मर्यादा आहेतच. आठव्या पिढीचे यंत्र सातव्या पिढीची फीत वाचते, सहाव्या पिढीची नाही. फीत धडधाकट, पण वाचणारे यंत्र नाही, अशी वेळ दर काही वर्षांनी येणारच.

जुन्या कॅसेटींनी हा धडा आधीच शिकवला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतला बराच माल पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेटींवर आहे, नंतरचा व्हीएचएस आणि एस-व्हीएचएसवर. फीत जुनी झाली की तिचा लेप चिकट होतो आणि यंत्राच्या हेडवर उतरतो. दर काही मिनिटांनी थांबून हेड पुसायचे, हलणारे चित्र स्थिर करणारे यंत्र मध्ये जोडायचे आणि बसून राहायचे. तासाभराच्या कॅसेटीला किमान तास लागतोच, घाई चालत नाही. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगभरच्या संस्थांना इशारा दिला होता, की २०२५ च्या आसपास अशा फिती वाचणे दुरापास्त होईल. बर्लिंग्टनच्या केंद्राने आपल्या जुन्या कॅसेटींचे वेळीच डिजिटल रूपांतर केले, म्हणूनच सँडर्स यांचे कार्यक्रम पुन्हा दिसले.

पण प्रत काढून भागत नाही. सातबाऱ्याशिवाय जमीन असून नसल्यासारखी, तशी वर्णनाशिवायची फाइल. कार्यक्रमात कोण बोलले, कुठे, कधी, कोणत्या विषयावर, चित्रीकरण कुणाचे, हे लिहिलेले नसेल तर साडेतीन तासांच्या बैठकीतला पाणीपट्टीवरचा ठराव कुणाला सापडणार? म्हणून सार्वजनिक प्रसारकांसाठी २००५ मध्ये पीबीकोअर नावाची नोंदींची पद्धत तयार झाली. छोट्या केंद्राला त्यातले दहा-बारा रकाने पुरतात, अट एवढीच की ते प्रत्येक वेळी भरावे लागतात. त्याच्या जोडीला प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरांची ओळ. वर्षभराने ती पुन्हा काढायची. एका बिटाचा जरी फरक पडला असेल, तर ओळ साफ बदललेली दिसते आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्ती करता येते.

मालकीचा मुद्दाही नाजूक आहे. अशा केंद्रांवर कार्यक्रमाचा हक्क सहसा करणाऱ्या नागरिकाकडेच राहतो, केंद्राला फक्त दाखवण्याची परवानगी असते. त्यामुळे कार्यक्रम स्वीकारतानाच, तो पुढे जपायचा का, इंटरनेटवर ठेवायचा का, हे लिहून घेणारी केंद्रे शहाणी. वीस वर्षांनी त्या माणसाचा पत्ता शोधणे अवघड. परवानगी असलेला माल पुष्कळ केंद्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इंटरनेट आर्काइव्ह'मध्येही ठेवतात, म्हणजे दुसऱ्या गावातली प्रत आपोआप होते.

आता पैशाची ओढाताण आहे. केंद्रांचे उत्पन्न केबलच्या ग्राहकांशी बांधलेले, आणि ग्राहक इंटरनेटकडे वळले. शुल्क आटते तशी माणसे कमी होतात, आणि कात्री बहुधा प्रथम दप्तराच्या कामावर चालते, कारण कॅमेरा बंद पडला तर त्याच दिवशी दिसते, नोंदी थांबल्या तर दहा वर्षांनी.

आपल्याकडे सामुदायिक रेडिओला २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी परवानगी मिळाली. म्हसवडचे 'माणदेशी तरंग' त्यातूनच उभे राहिले. सामुदायिक टीव्हीला असा वेगळा परवाना नाही. पण मालाचा तुटवडा नाही. तालुक्याच्या केबल वाहिन्या, नाट्यसंस्था, गणेश मंडळे, ग्रामसभांचे चित्रीकरण करणारे तरुण, साहित्य संमेलनांचे स्वागताध्यक्ष, सगळ्यांच्या कपाटात हार्ड डिस्क आहेत. त्यांच्यासाठी बर्लिंग्टनचा धडा महागडा नाही. आज एक डिस्क काढा. फाइलींना वर्षापासून सुरू होणारी नावे द्या. एका वहीत किंवा तक्त्यात कोण, कुठे, कधी, कशाबद्दल एवढे लिहा. दुसरी प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा, आणि डिस्क पाच वर्षांची झाली की बदला. पहिल्या डिस्कचे हे काम एका रविवारी होण्यासारखे आहे.