सोलापूरचं ऊन आणि रायगडचा घाम

मे महिना लागला की आपल्या जुळे सोलापुरात घरोघरी एक बेत ऐकू येतो : मुलांना रायगड दाखवून आणायचा. ६ जून १६७४ ला तिथे शिवराज्याभिषेक झाला, आणि त्या सुमाराला शाळेला सुट्टीही असते. बेत चांगलाच आहे. "उन्हाचं काय सर? आम्ही ४३ डिग्रीत वाढलेली माणसं," असं वर ऐकवलंही जातं. गडबड इथेच आहे.

सोलापूरचं ऊन कोरडं. घाम येतो आणि लगेच वाळतो. त्याची वाफ होताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने, आपला कूलरही याच तत्त्वावर चालतो. तोच कूलर महाडला लावून बघा, खोली नुसती दमट होईल. कोकणच्या हवेत बाष्प आधीच भरपूर, त्यामुळे घाम निथळतो पण वाळत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, अंग मात्र तापलेलंच. म्हणून पारा सोलापूरपेक्षा चार-पाच अंशांनी कमी दिसला तरी चढताना त्रास जास्त होऊ शकतो.

मुलांना हे घरीच दाखवता येतं. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळा. एक सावलीत वाऱ्याला ठेवा, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून शेजारी ठेवा. तासाभराने दोन्हींना हात लावू द्या. पिशवीतली बाटली म्हणजे दुपारी रायगड चढणारं पोर!

आणखी एक. आपली मुलं उन्हाळ्यात दुपारी पंख्याखाली असतात. उन्हात श्रम करायची सवय शरीराला व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ती फक्त गावात राहून होत नाही.

रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. पायऱ्या हजारावर, आणि काळा कातळ उन्हात तापतो. रात्रभर गाडीत जागून नऊला चितदरवाजापाशी उभं राहणं मला अजिबात पटत नाही. आदल्या दिवशी पाचाडला मुक्काम करा, संध्याकाळी जिजाऊंची समाधी पाहा आणि पहाटे उजाडताच चढायला लागा. अकरापासून चारपर्यंत चढ-उतार नको. लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर रोपवे आहेच, त्यात कमीपणा कसला?

पाण्याचा विचार तर शिवकाळातलाच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं आहे. नुसत्या झऱ्यावर विसंबू नये, टाकी-तळी बांधून साठा ठेवावा, असंही त्यात आहे. गडावरचं गंगासागर हा असाच साठा. आपण मात्र अर्ध्या लिटरची बाटली घेऊन निघतो! माणशी दोन-तीन लिटर हवंच. नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबाचं सरबत सोबत ठेवा. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाजा.

बडबड करणारं मूल एकदम गप्प झालं, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं, तर तिथेच सावलीत बसवा. कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, घोट घोट सरबत द्या. बरं वाटलं तरी त्या दिवशी आणखी चढवू नका. आणि मूल असंबद्ध बोलू लागलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत मान, काखा, जांघा गार पाण्याने भिजवत राहा. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.