धोटा किती चालतो, माणसाला वेळ किती मिळतो

भिवंडीतल्या साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला साधारण १२० वेळा कापडाच्या या काठाकडून त्या काठाकडे धावतो. पाळी बारा तासांची, म्हणजे एका पाळीत ८६,४०० फेरे. वीज जाते, धागा तुटतो, धोट्यातली सुताची कांडी बदलावी लागते. त्यापायी पाचवा हिस्सा वजा केला तरी ६९ हजार फेरे उरतात. एक फेरा सव्वा मीटरचा धरला, तर एक धोटा एका पाळीत ८६ किलोमीटर धावतो. विणकराकडे सहा माग असतील, तर त्याच्या ताब्यातले धोटे मिळून ५१६ किलोमीटर होतात. हा विणकर आझमगढचा असेल, तर त्याचं गाव भिवंडीपासून सुमारे १,५०० किलोमीटरवर आहे. त्याचे धोटे तेवढं अंतर तीन पाळ्यांत कापतात. तो स्वतः वर्षाकाठी एकदा गावी पोचला तरी पुष्कळ.

आता कापड मोजू. इंचाला ४८ आडवे धागे असलेलं साधं कापड धरलं, तर ६९ हजार फेऱ्यांत ३६ मीटर कापड उतरतं. दिवसाच्या दोन पाळ्यांत ७२ मीटर. भिवंडीत सहा लाखांच्या आसपास माग आहेत असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मंदी, महाग सूत, वीजबिल यांमुळे कित्येक बंद पडले. म्हणून निम्मेच चालतात असं समजू. तीन लाख माग गुणिले ७२ मीटर म्हणजे दिवसाला सव्वादोन कोटी मीटरच्या जवळपास, २१,६०० किलोमीटर कापड. पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. भिवंडी दोन दिवसांच्या आत पृथ्वीला एक वेढा देते आणि अठरा दिवसांत चंद्र गाठते. हे सगळं होतं जेमतेम २६-२७ चौरस किलोमीटरच्या गावात, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, कामवारी नदीच्या काठी.

एवढं कापड विणायला माणसं किती लागतात? माणशी सहा माग आणि दोन पाळ्या धरल्या तर नुसते विणकरच एक लाख. कांडी भरणारे, बीम जोडणारे, माग दुरुस्त करणारे जॉबर, सुताला खळ देणारे साईझिंगवाले, घडी घालणारे, गाठोडी वाहणारे हमाल वेगळेच. ही माणसं आली कुठून, याचा माग जनगणनेत लागतो. १९७१ मध्ये भिवंडीची वस्ती ८० हजारांच्या घरात होती. २००१ मध्ये ती सहा लाखांच्या जवळ पोचली. २०११ मध्ये ७ लाख ९ हजार. चाळीस वर्षांत नऊपट. त्यातला सगळ्यात बोलका आकडा पुरुष आणि स्त्रियांचा आहे: ४ लाख १५ हजार पुरुष आणि २ लाख ९४ हजार स्त्रिया. हजार पुरुषांमागे ७०९ बायका. १ लाख २१ हजारांची ही तफावत म्हणजे बायकापोरांना गावी ठेवून आलेल्या पुरुषांची सावली आहे.

ते एका दमात आले नाहीत. १८५७ नंतर उत्तरेतले मोमीन विणकर हातमाग घेऊन मालेगाव, धुळे, भिवंडीकडे सरकले. तेलंगणातल्या करीमनगर, नलगोंडा भागातून पद्मशाली विणकर आले आणि त्यांच्या वस्तीला पद्मनगर नाव पडलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. कापड मात्र थांबलं नाही, ते भिवंडीच्या पत्र्याच्या शेडांत आलं, आणि त्याच्यामागून पूर्वांचलातून, बिहारमधून माणसं आली. त्यांच्या आधीपासून इथे आगरी होते, कोकणी मुसलमान होते, मराठी आणि गुजराती व्यापारी होते. आज इथे मराठी, आगरी, कोकणी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू, गुजराती एकाच रस्त्यावर ऐकू येतात.

भिवंडीत येऊन राहिलेल्या माणसांचा आकडा केवढा, हे कळायला युरोपकडे पाहावं लागतं. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आला. बहुतेक जुन्या सदस्य देशांनी नव्या देशांच्या कामगारांना दार लगेच उघडलं नाही. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी उघडलं. ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अभ्यासात अंदाज होता की सगळ्या नव्या देशांतून मिळून वर्षाला ५ ते १३ हजार माणसं निव्वळ वाढतील. प्रत्यक्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या २००१ मधल्या ५८ हजारांवरून २०११ मध्ये ५ लाख ७९ हजारांवर गेली. दहा वर्षांत दहापट. ५ लाख ४६ हजार लोकांनी आपली मुख्य भाषा पोलिश लिहिली, आणि इंग्लंडमध्ये इंग्रजीखालोखाल पोलिश आली.

या आकड्यावर तिथली वर्तमानपत्रं, निवडणुका आणि अखेर एक सार्वमत ढवळून निघालं. २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर हंटिंग्डन गावात घरांच्या दारांत आणि शाळेजवळ छापील कार्डं सापडली. त्यांवर पोलिश माणसांना किडे म्हणून चालते व्हा असं लिहिलं होतं, इंग्रजीत आणि पोलिशमध्येही. लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर शिवी फवारली गेली. त्याच मातीवर १९४० मध्ये १४५ पोलिश वैमानिक ब्रिटनच्या आकाशासाठी लढले होते.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. इंग्लंड-वेल्सचं क्षेत्रफळ दीड लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेपाच कोटींहून जास्त. तिथले पोलंडमध्ये जन्मलेले सगळेच्या सगळे लोक आणून भिवंडीत बसवले, तरी २०११ ची भिवंडी भरत नाही, सव्वा लाखाहून जास्त जागा रिकामी राहते. शंभरात एक माणूस पोलिश झाला म्हणून एक श्रीमंत देश हादरला. भिवंडीत पिढ्यानुपिढ्या गल्लीच्या गल्ली बाहेरून आली, आणि ती रोज सकाळी पाळी बदलून कामाला लागते.

यावरून भिवंडीत सगळं सुरळीत आहे असं म्हणणं खोटं ठरेल. मे १९७० आणि मे १९८४ या दोन दंगलींनी हे गाव होरपळलं. त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. माग मालक, कामगार, दुकानदार, हिंदू, मुसलमान, जुने, नवे असे लोक पोलिसांसोबत नियमाने एका सतरंजीवर बसू लागले. गटार तुंबल्यापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सगळं तिथे बोललं जाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगलींत ९०० माणसं मारली गेली. दोन दंगलींची भिवंडी शांत राहिली. बोलत बसण्याला काय किंमत आहे, हे सांगणारा यापेक्षा मोठा आकडा मला माहीत नाही.

बोलायला भाषा लागते, आणि भाषेला वेळ लागतो. तो वेळही मोजता येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवते. पोलिश, हिंदी, उर्दू आणि तेलुगू तिच्या यादीत एकाच गटात आहेत: ४४ आठवडे, सुमारे १,१०० तास वर्गात. त्या अधिकाऱ्यांना शिकण्यासाठीच पगार मिळतो. आता मागावरचा माणूस घ्या. बारा तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास. वर्षाचे दोन आठवडे गावी गेला असं धरलं तर ३,६०० तास तो मागासमोर उभा असतो. एका भाषेला लागणाऱ्या वेळाच्या तिपटीहून जास्त.

आणि त्या तासांत भाषा कानावर पडत नाही. शेडमध्ये शिरलं की मागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे, धोट्याचे माग ती सहज ओलांडतात. कांडी दहा-पंधरा मिनिटं पुरते, त्यामुळे सहा मागांवर दर दोन मिनिटांनी एक कांडी संपते. विणकर पहिला माग थांबवतो, धोटा काढतो, रिकामी कांडी फेकतो, भरलेली बसवतो, धागा ओवतो, माग सोडतो. तोवर तिसऱ्या मागावर उभा धागा तुटलेला असतो. पाळीत असं तीनशेहून जास्त वेळा. जॉबरला बोलवायचं तर हात वर करायचा, काय बिघडलं ते बोटांनी दाखवायचं. लँकेशायरच्या गिरण्यांत बायका ओठ वाचून बोलत, तीच तऱ्हा इथे. पाळी सुटली की भिशीत, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या खानावळीत, दोन घास खायचे आणि ज्या खोलीत दुसऱ्या पाळीचा माणूस नुकताच उठला त्याच्या जागेवर आडवं व्हायचं. खोलीतले सगळे एकाच जिल्ह्याचे. मराठी कानावर पडणार कधी?

त्याला रोज अर्धा तास दिला, तर १,१०० तास भरायला सहा वर्षं लागतील. भोजपुरी किंवा उर्दू बोलणाऱ्याला मराठी एवढी दूरची नाही, तिचं नातं जवळचं आहे. त्याच्या एक तृतीयांशच तास लागतील असं धरलं तरी दोन वर्षं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली माणसाचा रस्ता त्याहून लांबचा. म्हणून ‘इतकी वर्षं झाली, अजून मराठी येत नाही’ हा आरोप करण्याआधी त्या वर्षांत त्याला किती तास मिळाले हे विचारणं हे आपलं साधं कर्तव्य आहे. त्याच्या मुलांना ते तास मिळतात. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पद्मनगरातली मुलं घरी तेलुगू, गल्लीत हिंदी-उर्दू आणि शाळेत मराठी बोलतात. बाप आणि मुलात फरक आहे तो वेळेचा.

मायेने ठेवून घेणं महाराष्ट्राला नवं नाही, आणि त्यात पोलिश माणसंही आहेत. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना, बहुतेक बायका आणि मुलांना, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ आसरा मिळाला. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर फाळणीत घर हरवलेले सिंधी त्याच जागेवर आले, आणि त्याच जागेचं आज गांधीनगर आहे, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. खुद्द पोलंडचीही पाळी बदलली: फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर वर्षभरात सुमारे १५ लाख युक्रेनी तिथे नोंदले गेले. ज्या देशातून माणसं जात होती, त्याच्या दारात माणसं येऊन उभी राहिली.

आपणही मोजणीबाहेर नाही. २०११ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, त्यातले सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेर राहत होते: इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, सुरत. मॉरिशसला गेलेले आणि इस्रायलमधले बेने इस्रायल ज्यू या हिशेबात नाहीतच. बाहेरच्या या ५५ लाखांना तिथल्या शेजाऱ्याने जसं वागवावं असं आपल्याला वाटतं, तीच फूटपट्टी भिवंडीला लावायला हवी.

माणसं निघून गेली तर काय होतं, हे आपण मे २०२० च्या टाळेबंदीत पाहिलं. भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला श्रमिक स्पेशल सुटली, हजाराहून जास्त मजूर घेऊन. देशभरात अशा ४,६२१ गाड्यांनी ६३ लाख माणसं घरी पोचवली. मागे राहिलेल्या शेडांत धोटा जागच्या जागी होता. त्या दिवसांत चंद्रापर्यंतचं कापड तर सोडाच, ठाण्यापर्यंतचंही निघालं नसतं.

म्हणून शेवटचा हिशेब करण्याजोगा आहे. एक लाख विणकर, एका वर्गात ४० जण, म्हणजे २,५०० वर्ग. महापालिकेच्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. एका खोलीत पाळी बदलण्याच्या आधी आणि नंतर अर्ध्या अर्ध्या तासाचे चार वर्ग बसवले, तर सव्वासहाशे खोल्या पुरतात. मालकाने पाळीतला अर्धा तास सोडला, तर एका मागाचं दीड मीटर कापड कमी निघेल. आणि तुमच्या-माझ्या वाट्याचं काम त्याहून सोपं आहे. समोरच्याने मोडक्यातोडक्या मराठीत सुरुवात केली की आपण लगेच हिंदीवर उतरतो आणि त्याचा सराव तिथेच संपवतो. रिक्षात, भाजीच्या गाडीवर, दवाखान्याच्या रांगेत त्याच्याशी सावकाश, सोप्या मराठीत बोलत राहावं. रोज पाच मिनिटं असं बोलणारी दहा मराठी माणसं त्याला भेटली, तर त्याचे १,१०० तास चार वर्षांत भरतात, आणि त्यासाठी शाळेची एक खोलीही लागत नाही.